मोठ्या डंपरभोवतीची सुरक्षितता: ऑपरेटरला काय दिसत नाही, ते आधी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका खुल्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे सुपरवायझर असलेले एक तरुण अभियंते लिहितात, की त्यांच्याकडे 100 टनी डंपर, ठेकेदाराचे टिपर आणि कॅम्पर-जीपगाड्या एकाच हॉल रोडवरून (खाणीतल्या मालवाहतुकीच्या रस्त्यावरून) चालतात. मध्यंतरी शॉवेलसमोर (डंपर भरणाऱ्या उत्खनन यंत्रासमोर) रांगेत उभ्या असलेल्या डंपरच्या शेजारी एक कॅम्पर येऊन थांबली, ती डंपरच्या ऑपरेटरला दिसलीच नाही आणि डंपर हलल्यावर कॅम्परच्या चालकाने गाडी मागे घेतली म्हणून प्राण वाचले. आता सर्व डंपरांवर कॅमेरे आणि रडार बसवण्याचा प्रस्ताव तयार होत आहे. एवढ्याने काम भागेल का, आणि भागणार नसेल तर आधी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

वर्धा खोऱ्यातील खुल्या खाणींत सुरक्षेचे काम दीर्घकाळ पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की कॅमेरे आणि रडार अवश्य बसवावेत, परंतु त्यांचा क्रमांक तिसरा आहे. पहिले काम म्हणजे तुमच्या खाणीतल्या प्रत्येक प्रकारच्या गाडीच्या ऑपरेटरला नेमके काय दिसत नाही, हे जमिनीवर मोजून सर्वांना दाखवणे. दुसरे काम म्हणजे त्या न दिसणाऱ्या जागेत माणूस किंवा लहान गाडी येण्याची गरजच उरणार नाही अशी रस्त्यांची आणि कामाची मांडणी करणे. ही दोन कामे न करता उपकरणे बसवली, तर ती दिवसभर वाजत राहतात आणि महिन्याभरात कोणीतरी त्यांची वायर काढून ठेवतो. ही अतिशयोक्ती नाही. अपघातानंतरच्या तपासणीत बंद पडलेला मॉनिटर आणि कापलेला बझर मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिला आहे.

तुमच्या कॅम्परच्या प्रसंगाकडे आधी भूमितीच्या नजरेने पाहू. 100 टनी डंपरचे चाक सुमारे 2.7 मीटर उंच असते आणि भरलेल्या डंपरचे एकूण वजन 160 टनांच्या आसपास जाते. समजा ऑपरेटरचा डोळा जमिनीपासून 4.5 मीटर उंचीवर आहे, केबिनच्या पलीकडच्या डेकची (केबिनशेजारच्या सपाट फलाटाची) कड 3.2 मीटर उंचीवर आहे आणि ती डोळ्यापासून आडव्या अंतराने 4.5 मीटर दूर आहे. मॉडेलप्रमाणे हे आकडे थोडेफार बदलतील, पण हिशेब कसा होतो ते यावरून कळेल. डोळ्यापासून डेकच्या कडेला स्पर्श करून जाणारी दृष्टिरेषा जमिनीला टेकते ती डेकच्या कडेपासून जवळपास 11 मीटर दूर. त्या 11 मीटरांच्या आत जमिनीवर पडलेली वस्तू ऑपरेटरला दिसणे शक्य नाही. 1.8 मीटर उंचीची कॅम्पर कडेपासून पावणेपाच मीटरांच्या आत असेल तर तिचे टपसुद्धा दिसत नाही. सरासरी उंचीचा उभा माणूस साधारण साडेपाच मीटरांपर्यंत अदृश्य असतो, आणि टायर तपासायला वाकलेला, जेमतेम एक मीटर उंची उरलेला मेकॅनिक साडेसात मीटरांपर्यंत. यात डेकवरचे कठडे, एअर फिल्टरचे डबे, विद्युत कपाट आणि केबिनचा खांब धरलेला नाही. ते धरले की न दिसणारा भाग आणखी वाढतो. तुमच्या ऑपरेटरने निष्काळजीपणा केला असे गृहीत धरण्यापूर्वी त्याच्या आसनावर एकदा बसून पाहा. त्याने मान कितीही वळवली असती तरी ती कॅम्पर त्याला दिसली नसती.

आता एक मुद्दा, जो मिश्र ताफा असलेल्या खाणींत फार कमी लोक लक्षात घेतात. खाणीतल्या बहुतेक मोठ्या डंपरांची केबिन डावीकडे असते, त्यामुळे त्यांची आंधळी बाजू उजवीकडे पडते. ठेकेदाराचे टिपर मात्र आपल्या सार्वजनिक रस्त्यांसाठी बनलेल्या गाड्यांचेच प्रकार असतात. त्यांचा चालक उजवीकडे बसतो आणि आंधळी बाजू डावीकडे येते. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन प्रकारच्या अवजड गाड्या चालतात आणि त्यांच्या न दिसणाऱ्या बाजू एकमेकींच्या उलट असतात. वर्षानुवर्षे टिपरांच्या आसपास वावरलेला कॅम्परचालक सवयीने उजवी बाजू सुरक्षित समजतो आणि डंपरच्या बाबतीत नेमका मृत्यूच्या जागी जाऊन थांबतो. डावीकडून चालण्याची पद्धत असलेल्या हॉल रोडवर यातून आणखी एक गोष्ट घडते. डंपरच्या ऑपरेटरला रस्त्याच्या कडेचा बांध उत्तम दिसतो, पण समोरून येणाऱ्या वाहनाची आणि ओव्हरटेक करणाऱ्या वाहनाची बाजू त्याला सर्वांत कमी दिसते. चालत्या डंपरला उजवीकडून ओव्हरटेक करण्यास संपूर्ण बंदी असावी, असे मी म्हणतो ते याच कारणासाठी. ग्रेडर (रस्ता सपाट करणारे यंत्र) किंवा पाण्याचा टँकर यांसारख्या मंद गाड्यांना ओलांडावे लागलेच, तर त्या गाडीने थांबून वॉकी-टॉकीवर परवानगी दिल्यावरच ओलांडावे.

मोजणी कशी करावी, ते सविस्तर सांगतो, कारण संपूर्ण कामाचा पाया तीच आहे आणि तिला पैसे जवळपास लागत नाहीत. वर्कशॉपजवळच्या सपाट मैदानावर डंपर उभा करावा, इंजिन बंद करावे, पार्किंग ब्रेक लावून चाकांना दोन्ही बाजूंनी अडथळे घालावेत आणि किल्ली मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी. ऑपरेटरने नेहमीप्रमाणे सीट लावून, पट्टा बांधून बसावे. पुढे झुकून किंवा उठून पाहू नये. एका माणसाने दीड मीटर उंचीची, वरच्या टोकाला भगवी किंवा पिवळी पट्टी असलेली काठी घेऊन गाडीपासून दूर जावे आणि ऑपरेटरला काठीचे टोक दिसू लागेल त्या जागी जमिनीवर चुन्याने खूण करावी. असे गाडीच्या सर्व बाजूंनी, दर दोन-तीन पावलांवर केले की डंपरभोवती पांढऱ्या रेषेचा एक वेडावाकडा आकार तयार होतो. नंतर तीच मोजणी आरसे वापरून आणि त्यानंतर कॅमेरा असल्यास तो चालू करून पुन्हा करावी, म्हणजे प्रत्येक साधनाने नेमका किती भाग दिसू लागला आणि किती उरला, ते कळते. उंच आणि बुटक्या अशा दोन ऑपरेटरांकडून मोजणी करून घ्यावी. त्यांच्या रेषांमधला फरक पाहून सीट लावण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

या कल्पनेला आंतरराष्ट्रीय आधारही आहे. आयएसओ 5006 या मानकात ऑपरेटरच्या डोळ्यांच्या जागी दिवे ठेवून यंत्राभोवती 12 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर पडणाऱ्या सावल्या मोजल्या जातात. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने अवजड यंत्रांच्या न दिसणाऱ्या भागांचे नकाशेच तयार करून प्रसिद्ध केले आहेत. पण निर्मात्याच्या कागदावरचा नकाशा आणि तुमच्या मैदानावरची चुन्याची रेषा यांत फरक असतो, कारण तुमच्या डंपरवर नंतर अग्निशमनाचे सिलिंडर बसले असतील, कठडा बदलला असेल, आरशाचा दांडा वाकला असेल. रेषा आखून झाल्यावर पांढऱ्या रेषेच्या आतल्या भागात कॅम्पर, मोटरसायकल आणि हेल्मेट घातलेली चार-पाच माणसे उभी करावीत आणि खाणीतल्या प्रत्येक कॅम्परचालकाला, पंप ऑपरेटरला, सर्व्हेच्या माणसाला आणि ओव्हरमनला (पाळीच्या पर्यवेक्षकाला) एकेकदा ऑपरेटरच्या सीटवर बसवावे. व्हीटीसीतल्या (खाण कामगारांच्या प्रशिक्षण केंद्रातल्या) वर्गात दाखवलेल्या चित्रांनी जे साधत नाही ते या एका बैठकीत साधते. केबिनमधून खाली उतरणारा कॅम्परचालक त्यानंतर डंपरजवळ कुठे थांबायचे याचा विचार वेगळ्या रीतीने करू लागतो, हे मी प्रत्येक वेळी पाहिले आहे.

मोजणी चालू असतानाच केबिनची सफाई करून घ्यावी. समोरच्या काचेवर देवाचा मोठा फोटो, त्यावर हार, बाजूच्या काचेला उन्हासाठी अडकवलेला टॉवेल, खांबाजवळ बसवलेला वॉकी-टॉकी आणि त्याच्याच शेजारी डिस्पॅचचा (डंपरांना फेऱ्या नेमून देणाऱ्या यंत्रणेचा) पडदा, अशी सजावट मी असंख्य केबिनांत पाहिली आहे. यातली प्रत्येक वस्तू डोळ्याच्या इतकी जवळ असते, की हाताएवढ्या वस्तूमागे पन्नास मीटरवरची आख्खी जीप लपते. देवाचा फोटो काढा असे सांगणे कोणाला जमत नाही. मी तो डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला बसवून देत असे आणि त्याला कधी कोणी हरकत घेतली नाही. टॉवेलचे कारण मात्र बहुतेक वेळा बंद पडलेला एसी हे असते. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा ऑपरेटर काच उघडणार, धूळ आत येणार, आणि पावसाळ्यात तीच काच आतून धुरकटणार. त्यामुळे एसीची दुरुस्ती आरामाच्या खर्चात न धरता दृश्यमानतेच्या खर्चात धरावी आणि एसी बंद असलेला डंपर आरसा तुटलेल्या डंपरइतकाच सदोष मानावा.

आता रस्त्यांकडे वळतो, कारण तुमच्या खाणीतला मूळ दोष तिथे आहे. डंपर, टिपर आणि कॅम्पर एकाच रस्त्यावर असणे ही सोय आहे, अपरिहार्यता नव्हे. लहान गाड्यांसाठी स्वतंत्र, अरुंद का होईना, पण बांधाने वेगळा केलेला रस्ता बहुतेक खाणींत निदान पृष्ठभागापासून पहिल्या दोन-तीन बेंचेसपर्यंत (खाणीच्या पायऱ्यांसारख्या टप्प्यांपर्यंत) तरी काढता येतो. पाळी बदलण्याची जागा खाणीच्या तळाशी न ठेवता वरच्या ठरलेल्या पार्किंगमध्ये आणली, तर शिफ्टच्या वेळी फेसवर (जिथे प्रत्यक्ष खणणे चालते तिथे) जाणाऱ्या गाड्यांची गर्दी एकदम कमी होते. डिझेल बाउझर, मेकॅनिकची गाडी, पाण्याच्या बाटल्या आणि जेवणाचे डबे घेऊन येणारी गाडी, साहेबांची गाडी यांतली कोणती खरोखर फेसपर्यंत जायला हवी, याची यादी करून पाहा. माझा अनुभव असा, की यादीतल्या निम्म्या गाड्यांचे काम वर भागते.

एकेरी वाहतूक शक्य नसेल तिथे हॉल रोडची रुंदी सर्वांत मोठ्या वाहनाच्या रुंदीच्या तिपटीपेक्षा कमी नसावी आणि वळणावर चालकाला किमान 30 मीटरपर्यंत रस्ता स्पष्ट दिसावा, ही आपल्याकडची जुनी अट सर्वांना पाठ असते. पण 30 मीटर दिसणे आणि 30 मीटरांत थांबणे यांचा मेळ कोणी घालून पाहत नाही. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारा डंपर सेकंदाला 8 मीटरांहून अधिक अंतर कापतो. ऑपरेटरच्या लक्षात येऊन ब्रेक लागेपर्यंत दोन सेकंद गेले, तर सुमारे 17 मीटर तिथेच संपले. त्यानंतर सपाट कोरड्या रस्त्यावर मध्यम ब्रेकने आणखी 17 मीटर लागतात, म्हणजे एकूण 34. सोळास एक (16 मीटरांत 1 मीटर) उतारावर हेच अंतर 40 मीटरांच्या पुढे जाते आणि टँकरने नुकतेच पाणी मारले असेल तर त्याहूनही जास्त. वेग ताशी 20 किलोमीटर ठेवला, की सपाटीवर एकूण अंतर 19 मीटरांच्या आसपास येते. म्हणून ज्या वळणावर जेमतेम 30 मीटर दिसते, तिथे वेगमर्यादेची पाटी 20 ची असायला हवी, आणि सबंध खाणीला एकच वेगमर्यादा लावून मोकळे होण्याची पद्धत सोडून द्यायला हवी.

फाटे जोडताना कोन काटकोनाच्या जवळ ठेवावा. अरुंद कोनात मिळणाऱ्या फाट्यावर ऑपरेटरला मागे वळून पाहावे लागते आणि डंपरमध्ये मागे वळून पाहण्याची सोयच नसते. असा फाटा डंपरच्या उजवीकडून येऊन मिळत असेल, तर तो सर्वांत वाईट. बांधाच्या बाबतीत एक विरोधाभास आहे. डंपर कडेवरून खाली जाऊ नये म्हणून बांध उंच हवा, अमेरिकेच्या नियमांत तो मोठ्या वाहनाच्या धुऱ्याच्या मध्याइतका तरी असावा असे म्हटले आहे. पण फाट्याजवळचा तोच उंच बांध कॅम्परला पूर्णपणे झाकतो. कडा नसलेल्या बाजूला, फाट्याच्या दोन्ही हातांना काही अंतरापर्यंत बांध खाली उतरवावा आणि तिथे कचरा, जुने टायर किंवा पाट्यांचे ढीग साठू देऊ नयेत. ग्रेडरच्या ऑपरेटरला हे कारणासकट समजावून सांगावे, नाहीतर तो पुढच्या आठवड्यात मोठ्या निष्ठेने बांध पुन्हा उंच करून ठेवतो.

कॅम्परला लावायच्या उंच काठीवरच्या झेंड्याबद्दल नेहमी विचारले जाते. वरच्या हिशेबात डेकची कड 3.2 मीटरांवर होती. झेंड्याचे टोक त्याहून वर असेल, तर कॅम्पर डंपरला अगदी चिकटून असली तरी टोक ऑपरेटरच्या दृष्टिरेषेत येते. त्याहून खाली असेल, तर झेंडा निव्वळ शोभेचा ठरतो. मी काठी जमिनीपासून चार मीटरांच्या आसपास ठेवण्याच्या मताचा आहे, आणि रात्रीसाठी टोकाला लुकलुकणारा दिवा हवाच. तरीही झेंडा दिसतो म्हणून जवळ जाण्याची मुभा मिळते असे समजू नये. चालत्या किंवा इंजिन चालू असलेल्या डंपरपासून 50 मीटरांच्या आत जायचे असेल, तर कॅम्परने तिथेच थांबून डंपरचा क्रमांक घेऊन वॉकी-टॉकीवर बोलावे, आपण कोणत्या बाजूला आहोत ते सांगावे आणि ऑपरेटरने क्रमांकासह उत्तर देईपर्यंत हलू नये. नुसते “ओके” हे उत्तर धरू नये, कारण तो “ओके” दुसऱ्याच डंपरच्या ऑपरेटरने दुसऱ्याच कोणाला दिलेला असू शकतो. यासाठी गाड्यांचे क्रमांक चारही बाजूंना, रात्रीही वाचता येतील इतके मोठे रंगवलेले असावेत. डंपरच्या पुढे किंवा मागे कॅम्पर कधीच पार्क करू नये. डंपर सुरू करण्यापूर्वी एक, पुढे नेण्यापूर्वी दोन आणि मागे घेण्यापूर्वी तीन हॉर्न, आणि हॉर्ननंतर काही सेकंदांची वाट, ही अनेक खाणींतली पद्धत साधी वाटली तरी गाडीखाली काम करणाऱ्या माणसासाठी ती शेवटची संधी असते. हॉर्न देऊन त्याच क्षणी गाडी हलवणाऱ्या ऑपरेटरने हॉर्न दिलाच नाही असे मानून त्याला समज द्यावी.

शॉवेलजवळ डंपर मागे घेताना शॉवेल शक्यतो ऑपरेटरच्या, म्हणजे डाव्या बाजूला राहावे. दोन्ही बाजूंनी भरण्याची पद्धत उत्पादनाला चांगली असते हे खरे, पण त्यात एका बाजूचा प्रत्येक डंपर आंधळेपणाने मागे येतो. ती पद्धत वापरायची असेल, तर शॉवेल ऑपरेटरने बकेट ठरलेल्या जागी धरून डंपरला खूण द्यावी आणि त्या बाजूला कोणीही पायी असू नये. डंपयार्डवर (माल ओतण्याच्या जागेवर) कड आपल्या डाव्या हाताला ठेवून पुढे जावे, जाताना बांध नीट पाहून घ्यावा, मग उजवीकडे वळून सरळ मागे यावे, आणि आधीच उभा असलेला डंपर आपल्या डाव्या हाताला राहील असे पाहावे. टिपरांसाठी हाच क्रम उलटा होतो. म्हणून एकाच डंपयार्डवर दोघांना एकाच वेळी रिकामे करू देऊ नये. त्यांच्या जागा वेगळ्या ठेवाव्यात. स्पॉटरने (डंपरला खूण देणाऱ्या माणसाने) कुठे उभे राहायचे, ती जागा रोज आखून द्यावी, आणि स्पॉटर दिसेनासा झाला की ऑपरेटरने त्याच क्षणी थांबावे.

धूळ, प्रकाश आणि ऋतू यांविषयी थोडक्यात. उन्हाळ्यात मारलेले पाणी बघता बघता उडून जाते, म्हणून टँकरच्या फेऱ्या दुपारी वाढवाव्या लागतात; मात्र उतारावर सलग भिजवण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने, मध्ये कोरडे पट्टे ठेवून पाणी मारावे. पुढच्या डंपरच्या धुळीत त्याचे मागचे दिवे दिसेनासे झाले, तर नुसते अंतर वाढवून भागवायचे नाही, थांबायचे आणि कळवायचे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आरशांवर आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर इतका घट्ट बसतो, की शिफ्टच्या मध्यात एकदा तरी पाण्याने धुण्याची जागा ठरवून द्यावी लागते. हिवाळ्यात वर्धा आणि इरई नद्यांच्या जवळच्या खाणींत पहाटे धुके उतरते. अशा वेळी वाहतूक थांबवण्याचा अधिकार पाळीच्या ओव्हरमनला आहे, हे लेखी असावे, नाहीतर तो वरच्या फोनची वाट पाहत बसतो. रात्रीच्या लाइटिंग टॉवरचे तोंड येणाऱ्या डंपरकडे असेल, तर प्रकाश जितका जास्त तितका आंधळेपणा जास्त. टॉवर प्रवासाच्या दिशेला मागून किंवा बाजूने प्रकाश पडेल असा लावावा, आणि तो योग्य लागला की नाही, हे अंधारात स्वतः डंपरमध्ये बसून पाहावे.

आता तुमच्या प्रस्तावातील उपकरणे. कॅमेरा दाखवतो, पण त्याकडे कधी पाहायचे ते सांगत नाही. रडार काहीतरी आहे असे सांगते, पण ते काय आहे ते सांगत नाही, आणि शॉवेल, बांध, शेजारचा डंपर अशा प्रत्येक गोष्टीवर वाजते. दोन्ही एकत्र जोडून रडार वाजताच त्या बाजूचा कॅमेरा आपोआप पडद्यावर येईल अशी मांडणी घ्यावी. स्वतंत्र चार पडदे बसवू नयेत. पहिले दोन कॅमेरे मागे आणि उजव्या बाजूला, तिसरा समोर खाली पाहणारा. पडदा ऑपरेटर जिकडे आरसा पाहतो त्याच दिशेला असावा. मागे घेतानाचा बझर एकसुरी टोकदार आवाजाचा न घेता फुसफुसणाऱ्या विस्तृत आवाजाचा घ्यावा, कारण त्याची दिशा कानाला लगेच कळते. टॅगवर (गाडीवर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक ओळखपट्टीवर) चालणाऱ्या यंत्रणा चांगल्या असतात, पण त्यांना फक्त टॅग असलेली गाडी दिसते. ज्या दिवशी बाहेरून दुरुस्तीसाठी आलेली गाडी टॅगशिवाय आत जाते, त्या दिवशी ऑपरेटरचा पडद्यावरचा विश्वासच घातक ठरतो. गेटवर टॅग दिल्याशिवाय कोणतेही वाहन आत सोडायचे नाही हे जमणार असेल, तरच ती यंत्रणा घ्यावी. दक्षिण आफ्रिकेने या बाबतीत पुढचे पाऊल टाकले आणि धडक अटळ दिसल्यास डिझेलवर चालणारे यंत्र आपोआप मंद होऊन थांबावे, ही तरतूद डिसेंबर 2022 पासून अमलात आणली. तिथे हे पाऊल आधी अनेक वर्षे चाललेल्या तयारीनंतर उचलले गेले. ब्रेकची देखभाल कच्ची असलेल्या ताफ्यावर स्वयंचलित ब्रेक बसवणे मला धोक्याचे वाटते.

एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळता येणार नाही. टिपरचालकांना खेपेवर पैसे मिळत असतील, तर वरील सर्व नियम रोज प्रत्येक खेपेला त्यांच्याच खिशातून पैसे काढतात. 50 मीटरांवर थांबणे, उत्तराची वाट पाहणे, धुळीत थांबणे या सगळ्याचा अर्थ एक खेप कमी. तुम्ही ठेकेदाराकडे आहात, त्यामुळे हे मांडणे तुम्हाला अवघड जाईल, पण मूळ पगार निश्चित करून खेपेचा हिस्सा लहान ठेवण्याची सूचना लेखी द्यावी. तसेच कॅम्परच्या त्या प्रसंगाची नोंद ‘थोडक्यात टळलेला अपघात’ म्हणून झाली आहे का, आणि ज्या चालकाने तो सांगितला त्याला शिक्षा तर झाली नाही ना, हे पाहा. शिक्षा झाली असेल, तर पुढचा प्रसंग तुमच्या कानावर येणार नाही.

तुमच्या खाणीसाठी मी असा क्रम सुचवेन. या आठवड्यात प्रत्येक मॉडेलच्या एका गाडीची चुन्याची मोजणी आणि सर्वांची सीटवरची बैठक. त्याच आठवड्यात 50 मीटर आणि वॉकी-टॉकीचा नियम मॅनेजरच्या सहीने लागू करणे, आणि शॉवेलजवळ कॅम्पर थांबवण्यासाठी बांधाने वेगळी केलेली एक जागा तयार करणे, जी डंपरांच्या रांगेच्या डाव्या बाजूला असेल. महिन्याभरात पाळी बदलण्याची जागा वर आणणे आणि उजवीकडून मिळणारे अरुंद फाटे दुरुस्त करणे. उपकरणांची निविदा त्यानंतर काढावी, आणि तिच्यासोबत चुन्याच्या रेषांचे तुमचे नकाशे जोडून विक्रेत्याला लेखी विचारावे, की तुमच्या यंत्रणेने या नकाशातला नेमका कोणता भाग दिसू लागेल, भिंग कोण आणि किती वेळा साफ करणार, आणि बझर कोणी बंद केला तर ते नियंत्रण कक्षात कळेल का. प्रात्यक्षिक शोरूमच्या अंगणात न घेता पावसाळ्यातल्या रात्रपाळीत, चिखलाने भरलेल्या डंपरवर, त्या कॅम्परला त्याच जागी उभी करून आणि डंपरची किल्ली तुमच्या खिशात ठेवून घ्यावे.